चार नव्व्या घेऊन हरावे कसे

बॅड बीट जॅकपॉट ही अमेरिकेतल्या पोकर खोल्यांमधली एक बक्षीस योजना आहे. तिच्यात मोठे बक्षीस हरणाऱ्याला मिळते. मात्र साधासुधा हरणारा इथे चालत नाही. दोन राजांची जोडी घेऊन हरणारे, आपल्याकडे काय आहे हे न समजता हरणारे, झोप अनावर होऊन हरणारे असे लोक प्रत्येक टेबलावर रोज तयार होतात आणि कॅसिनो त्यांना काही देणे लागत नाही. योजनेस पात्र ठरण्यासाठी हातात इतकी भक्कम पाने असावी लागतात की ती हरतील असे कुणालाच वाटू नये. आणि मग ती हरावी लागतात.

हा खेळ बहुधा टेक्सास होल्डेमचा असतो. प्रत्येकाला दोन पाने गुप्तपणे मिळतात. मग टेबलाच्या मधोमध पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात. पहिली तीन एकदम, त्यांना फ्लॉप म्हणतात. चौथे पान टर्न आणि पाचवे रिव्हर. या सातांतून प्रत्येकाने आपली उत्तम पाच जुळवायची. जॅकपॉटसाठी हरणाऱ्या हाताची किमान पात्रता भिंतीवरच्या फलकावर लिहिलेली असते. काही ठिकाणी तीन एक्के आणि दोन दश्श्यांचे फुल हाउस पुरते, तर काही ठिकाणी चार एकसारखी पाने, म्हणजे क्वाड्स, त्यातही चार अठ्ठ्या किंवा चार दश्श्या यांहून कमी काहीही चालत नाही. आणखी एक अट जवळपास सगळीकडे असते: हरणाऱ्याची आणि जिंकणाऱ्याची, दोघांचीही दोन्ही गुप्त पाने त्या हातात वापरली गेलेली असली पाहिजेत. टेबलावरच चार नव्व्या उघडल्या आणि त्यांच्या जिवावर कुणी हरला, तर त्याच्या दुःखाला बाजारभाव नाही.

वाटणी ठरलेली असते. निम्मी रक्कम हरणाऱ्याला, पाव जिंकणाऱ्याला आणि उरलेली पाव त्या डावात पाने घेऊन बसलेल्या इतरांना समान. काही खोल्यांत ही वाटणी 40, 30, 30 टक्के अशी असते. म्हणजे डाव जिंकणाऱ्याला त्याच डावातल्या पराभूतापेक्षा कमी पैसे मिळतात. खेळांच्या इतिहासात अशी व्यवस्था फारशी सापडत नाही. पिट्सबर्गच्या रिव्हर्स कॅसिनोत 2022 साली बारा लाख डॉलरच्या वर गेलेला जॅकपॉट फुटला, तेव्हा चार एक्के रॉयल फ्लशकडून, म्हणजे एकाच चिन्हाच्या दश्शी ते एक्का अशा पाच सलग पानांकडून, हरले होते. चार एक्केवाल्याची त्या रात्रीची कमाई रॉयल फ्लशवाल्याहून जास्त झाली. सात पानांतून रॉयल फ्लश जुळण्याची शक्यता सुमारे 30,940 डावांत एकदा असते. ज्याच्या आयुष्यात ती आली त्याला टेबलावर दुसरा क्रमांक मिळावा, हे त्या योजनेच्या स्वभावाशी सुसंगतच आहे. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियलजवळच्या प्लेग्राउंड या क्लबात 25 लाख कॅनेडियन डॉलरहून मोठा जॅकपॉट वाटला गेला.

हा पैसा कॅसिनोच्या खिशातून येतो असा नवख्यांचा समज असतो. तो चुकीचा आहे. कॅसिनो प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, आपला कट घेतोच. त्याखेरीज पॉट ठराविक रकमेपुढे गेला की डीलर आणखी एक डॉलर, काही ठिकाणी दोन, उचलतो आणि टेबलातल्या वेगळ्या फटीत टाकतो. जॅकपॉट या डॉलरांचा बनतो. त्यातलाही काही भाग राखीव ठेवून पुढच्या जॅकपॉटचे बीज म्हणून वापरतात. व्यवस्था भिशीसारखी आहे, फरक इतकाच की इथे आपला नंबर कधीतरी लागेल अशी खात्री कुणी देत नाही. तासाला तीस डाव झाले आणि त्यांतले पंचवीस पॉट पात्र ठरले, तर टेबल तासाला 25 डॉलर भरते. नऊ जणांत हे माणशी पावणेतीन डॉलरच्या आसपास पडते. आठवड्याला वीस तास बसणारा माणूस अशा रीतीने वर्षाला सुमारे 2,900 डॉलर आपल्या संभाव्य पराभवासाठी बाजूला काढतो. शिवाय तो डॉलर पॉटमधून जातो, म्हणजे प्रत्यक्षात तो पॉट जिंकणाऱ्याचा असतो. जिंकणारे दर डावाला थोडेथोडे देऊन हरणाऱ्यांचा कल्याणनिधी उभा करतात.

कॅलिफोर्नियात या निधीवर न्यायालयात वाद झाला. पोकर हा कौशल्याचा खेळ मानला, तरी अशा दुर्मिळ योगायोगावर बक्षीस ठेवणे म्हणजे लॉटरीच, असा निकाल तिथल्या अपील न्यायालयाने 1995 साली दिला. लॉटरी ठरण्यासाठी पैसे देऊन भाग घेणे हा एक घटक लागतो. तेव्हापासून तिथल्या कार्डरूममध्ये जॅकपॉटच्या फलकाखाली ‘काहीही खरेदी करण्याची गरज नाही’ अशी बारीक अक्षरांतली ओळ दिसते आणि फुकट भाग घेण्याची काहीतरी सोय असते. ती ओळ वाचणारे बहुतेक लोक वकील असावेत, कारण खेळाडू त्या वेळी वरचा आकडा वाचत असतात.

आता खेळण्याच्या पद्धतीत काय बदलावे, हा प्रश्न. पोकरची सगळी पाठ्यपुस्तके एक गोष्ट शिकवतात. हात भक्कम असेल तर पैसे लावा, समोरच्याला पुढचे पान फुकट पाहू देऊ नका. जॅकपॉट मोठा झाला की हा धडा काही मोजक्या प्रसंगी नेमका उलटा होतो. उदाहरण घेऊ. एकाच्या हातात इस्पिक आणि चौकट नव्वी आहे. फ्लॉप उघडतो: बदाम नव्वी, किलवर नव्वी, बदाम अठ्ठी. चार नव्व्या झाल्या. समोर बसलेल्याकडे बदाम गुलाम आणि बदाम दश्शी आहे. बदाम सत्ती किंवा बदाम राणी आली की त्याची पाच सलग बदामे होतील, म्हणजे स्ट्रेट फ्लश, आणि तो चार नव्व्यांना हरवेल. दिसत नसलेल्या 45 पानांत अशी दोनच पाने आहेत. उरलेल्या दोन संधींत त्यांपैकी एखादे येण्याची शक्यता 8.8 टक्के, म्हणजे साधारण अकरातून एकदा.

पॉटमध्ये 60 डॉलर आहेत आणि भिंतीवर 1,00,000 चा आकडा लुकलुकतो आहे असे समजू. नव्वीवाल्याने पुस्तकाप्रमाणे जोरदार पैसे लावले तर गुलाम-दश्शीवाला पाने टाकून देईल आणि नव्वीवाल्याला 60 डॉलर मिळतील. त्याने काहीच न करता पाने येऊ दिली, तर अकरातल्या त्या एका वेळी त्याला 50,000 मिळतील. 50,000 चे 8.8 टक्के म्हणजे 4,400 डॉलर. साठाच्या मागे लागून चव्वेचाळीसशे सोडणे हे कोणत्याच हिशेबात बसत नाही. टर्नवर निरुपयोगी पान आले तरी रिव्हरला 44 पैकी दोन पाने शिल्लक असतात आणि त्या आशेची किंमत अजून 2,270 डॉलरच्या घरात असते. अर्थात नव्वीवाल्याला समोरची पाने दिसत नाहीत. त्याला फक्त टेबलावर दोन बदामे शेजारीशेजारी दिसतात. तेवढे पुरे आहे. अशा टेबलावर चार नव्व्यावाल्याने खुर्चीला टेकून बसावे, चेक म्हणावे, म्हणजे पैसे न लावता डाव पुढे जाऊ द्यावा, आणि स्वतःच्या पराभवासाठी मनोभावे प्रार्थना करावी. बदाम राणी खरोखर आली आणि समोरच्याने सगळे पैसे पुढे ढकलले, तर शेवटचा डॉलरही लावून कॉल करावा, म्हणजे त्याच्याइतके पैसे लावून डावात टिकावे. हात टाकला तर पराभव नोंदला जात नाही. आपल्यासमोरचे 300 डॉलर देऊन पन्नास हजार घ्यायचे असतात, आणि हा व्यवहार ओळखायला गणिताची पदवी लागत नाही.

गुलाम-दश्शीवाल्याचे कर्तव्य वेगळे आहे. एरवी त्याने जोर दाखवून समोरच्याला पळवण्याचा प्रयत्न केला असता. आता त्याने कुणालाही पळवू नये, कारण हरवण्यासाठी कुणीतरी शिल्लक राहावे लागते. स्ट्रेट फ्लश जुळल्यावर इतके पैसे लावू नयेत की चार नव्व्यांनाही भीती वाटेल. सगळा डाव शेवटपर्यंत, पाने उघडण्यापर्यंत गेलाच पाहिजे.

खरा धोका तिसऱ्या माणसाचा. त्याच्या हातात दोन अठ्ठ्या आहेत, म्हणजे तीन अठ्ठ्या आणि दोन नव्व्यांचे फुल हाउस. एरवी हा त्याचा सोन्याचा दिवस. तो पुस्तकाप्रमाणे 150 डॉलर लावतो, गुलाम-दश्शीवाला पाने टाकतो आणि टर्नवर बदाम राणी येते. डाव संपल्यावर गुलाम-दश्शीवाला न राहवून सांगतो की आपण काय टाकले होते. नव्वीवाला आपल्या नव्व्या दाखवतो. मग नऊही जण मनातल्या मनात भागाकार करतात. 25,000 भागिले सात, माणशी 3,571. अठ्ठीवाला स्वतःही त्या सातांतला एक असतो, पण ही गोष्ट त्या क्षणी फक्त त्याच्या लक्षात येते. नियमाप्रमाणे त्याची काही चूक नाही. पोकर टेबलावर नियमाप्रमाणे निर्दोष असणाऱ्याशी पुढचा तासभर कुणी बोलत नाही.

त्याला कुणी आधी सावध का केले नाही? कारण बोलायला बंदी असते. डाव चालू असताना जॅकपॉटची शक्यता तोंडातून काढली, तर बहुतेक खोल्यांत तो डाव अपात्र ठरवता येतो. खेळाडूंनी संगनमताने पैसे उकळू नयेत यासाठी हा नियम आहे. म्हणून बोर्डावर तीन बदामे आणि एक जोडी दिसताच अख्खे टेबल अचानक गप्प होते. एरवी हवामान, फुटबॉल आणि माजी बायको यांवर अखंड बोलणारा गृहस्थ पाण्याची बाटली उघडतो आणि ती बंद करायला विसरतो. डीलर तर व्यवसायाने दगड असतो. त्याला सर्व समजते, पण सांगता काही येत नाही. कॅसिनोत इतर कोणत्याही वेळी नऊ माणसे एवढ्या एकदिलाने एकाच गोष्टीची इच्छा करत नाहीत.

पाने फेकणे हा वेगळा आणि दुःखद अध्याय आहे. हरलेल्या माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया म्हणजे पाने उपडी करून, शक्य तितक्या जोराने, डीलरकडे भिरकावणे. ही पाने टाकाऊ ढिगात मिसळली की हात मेला. मग त्याच्याकडे चार राजे होते हे सिद्ध करणे जड जाते. म्हणून जॅकपॉटच्या टेबलावर रागावण्याआधी पाने सरळ, उताणी, सगळ्यांना दिसतील अशी ठेवावी लागतात. पोकरमध्ये संयमाचे मोल डॉलरमध्ये छापील दराने मिळणारी ही एकमेव जागा आहे.

टेबलाच्या वाट्याबद्दलचा नियमही काटेकोर असतो. ज्याला त्या डावात पाने वाटली होती, त्यालाच हिस्सा. बाहेर सिगारेट ओढायला गेलेला, फोनवर बायकोला उशीर होणार असल्याचे सांगत असलेला, स्वच्छतागृहात गेलेला, हे सगळे त्या डावापुरते परके. परिणामी आकडा मोठा असलेल्या रात्री मोठमोठी माणसे शाळकरी मुलांसारखी पाय आवळून बसलेली दिसतात. काही कॅसिनो खोलीतल्या इतर टेबलांनाही थोडा वाटा देतात, त्यामुळे दुसऱ्या टेबलावरून टाळ्या वाजल्या तर त्या उदारपणाच्या असतीलच असे नाही.

जॅकपॉटच्या छोट्या भावंडांत ‘एसेस क्रॅक्ड’ ही योजना विशेष लोकप्रिय आहे. कॅसिनो ती बहुधा सकाळी किंवा मधल्या सुस्त वेळात चालवतात, जेव्हा टेबले भरायची असतात. हातात एक्क्यांची जोडी असताना हरल्यास 50 किंवा 100 डॉलर रोख. एक्क्यांची जोडी ही होल्डेममधली सर्वोत्तम सुरुवात. सरासरी 221 डावांत ती एकदा येते. एका अनोळखी हाताविरुद्ध ती 85 टक्के वेळा जिंकते, पण आठ जण शेवटपर्यंत टिकले तर जिंकण्याचे प्रमाण 35 टक्क्यांच्या आसपास घसरते. यावरून योजनेच्या वेळातले धोरण स्पष्ट होते. ज्या टेबलावर दोघांना सुरुवातीलाच सक्तीने एक आणि दोन डॉलर टाकावे लागतात, तिथे एक्क्यांनी जोर दाखवला तर सगळे पळतात आणि मिळतात तीन डॉलर. त्याऐवजी दोन डॉलर टाकून निमूट आत यावे, सर्वांना प्रेमाने आत येऊ द्यावे आणि आपले एक्के कुणीतरी फोडावेत म्हणून वाट पाहावी. टेबलावर भलते पान आले की एक्केवाल्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरते आणि मग सगळ्यांना कळते की एक्के कुठे आहेत.

इथे एक बारीक हिशेब सांभाळावा लागतो. बक्षिसासाठी पाने उघडेपर्यंत टिकणे भाग असते, म्हणजे समोरच्याचे पैसे कॉल करावे लागतात. रिव्हरला कुणी 80 डॉलर लावले आणि एक्के हरले असे दिसत असेल, तर 80 देऊन 100 घेण्यात वीस डॉलर सुटतात. कॉल करावा. 150 लावले असतील, तर हरण्यासाठी दीडशे मोजून शंभर घ्यायचे. हा व्यवहार दुकानात कुणी करणार नाही, पण पोकर टेबलावर रोज होतो, कारण एक्के टाकून देण्याचे दुःख गणितात मांडता येत नाही. समोरच्या चाणाक्ष खेळाडूलाही हे ठाऊक असते. योजनेच्या वेळेत तो 150 लावतो, शंभर लावत नाही.

एवढे वाचून नवा खेळाडू एक घोडचूक करतो: तो रोजच जॅकपॉटसाठी खेळू लागतो. प्रत्येक छोटी जोडी, प्रत्येक बदाम चौकी-पंजी तो पैसे टाकून धरतो. आकडे त्याच्या बाजूचे नाहीत. जोडी सतरा डावांत एकदा मिळते. जोडी मिळाल्यावर रिव्हरपर्यंत थांबून तिचे क्वाड्स होण्याची शक्यता साधारण 122 मध्ये एक. गुणाकार करता हा योग 2,080 डावांत एकदा येतो. तासाला तीस डावांच्या गतीने हे सत्तर तासांचे काम झाले, तेही प्रत्येक जोडी शेवटपर्यंत धरून ठेवली तर. आणि हे अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे दुसऱ्या कुणालातरी त्याच डावात करायचे असते. दरम्यान त्या चौकी-पंज्या रोज दहा-वीस डॉलर खातात. म्हणून सामान्य डावांत सामान्य खेळच बरा. बदल हवा तो फक्त क्वाड्स किंवा स्ट्रेट फ्लश जवळ आल्यावर, तोही आकडा भरघोस असेल तेव्हाच. भिंतीवर 8,000 असतील तर चार नव्व्यांनी आपले साठ डॉलर घ्यावेत की वाट पाहावी यावर वाद होऊ शकतो. लाख असतील तर होऊ नये.

नियमित व्यावसायिक खेळाडूंचा या योजनेवर जुना राग आहे आणि तो पोकळ नाही. त्यांचे म्हणणे असे की जो पैसा एरवी टेबलावर फिरत राहिला असता, तो जॅकपॉट उचलून ठेवतो आणि कुणा एकाला देतो. तो माणूस त्याच रात्री घरी जातो, गहाण सोडवतो, गाडी घेतो, आणि तो पैसा पुन्हा टेबलावर येत नाही. व्यावसायिकाच्या दृष्टीने याहून मोठी उधळपट्टी नाही.

जॅकपॉट फुटला तरी लगेच पैसे हातात पडत नाहीत. खेळ थांबतो. पाने टेबलावर आहेत तशी राहतात. कॅटमधली 52 पाने मोजली जातात, कॅमेऱ्याचे चित्रण तपासले जाते, ओळखपत्रे घेतली जातात आणि करविषयक कागद भरले जातात. मग डीलरला टिप किती द्यावी यावर चर्चा सुरू होते. ती सर्वांत लांबते.

मराठी वाचकाला या विद्येचा घरच्या घरी सराव करण्याची फारशी सोय नाही. महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोंसाठी कायदा केला, तो कधीच अंमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. उरला गोवा, जिथे मांडवीतल्या जहाजांवर पत्ते चालतात, आणि उरली अमेरिकेतली नातेवाइकांकडची सुट्टी. लास व्हेगासला गेलेल्या भारतीय पर्यटकाला जॅकपॉट लागला, तर अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे परदेशी नागरिकाच्या पोकरमधल्या अशा बक्षिसातून 30 टक्के कर जागेवर कापला जातो. ब्लॅकजॅक आणि रुलेटला यातून सूट आहे, पोकरला नाही. तेव्हा पन्नास हजारांना हरणाऱ्याने पस्तीस हजार मिळतील असे धरून चालावे, आणि हरायला जाताना पासपोर्ट खोलीवर विसरू नये.